आजीचं देहदान: पुण्यातल्या एका वैद्यकीय महाविद्यालयाचा आमचा अनुभव

पाचपैकी चार तारे. एक तारा का कापला ते पुढे येईलच.

देहदानाची माहिती शोधायला गेलं की फॉर्म मिळतो, अटी मिळतात. पण त्या दिवशी घरात काय काय होतं, गाडी कुठल्या गेटाला लावायची, माळकरी माणसाच्या गळ्यातल्या माळेचं काय करतात, दहावं करता येतं का, हे कुणी लिहिलेलं मला सापडलं नाही. आमच्या घरात हे सगळे प्रश्न एकाच सकाळी उभे राहिले. म्हणून सविस्तर लिहितेय. महाविद्यालय पुण्यातलं आहे. नाव देत नाही, कारण त्यांच्या एका चुकीबद्दलही लिहायचंय, आणि शरीररचनाशास्त्र विभागातल्या माणसांनी आमच्यासाठी जे केलं ते पाहता ती चूक नावानिशी मांडावी असं मला वाटत नाही.

आधी थोडं माझ्याबद्दल, नाहीतर पुढचं नीट कळणार नाही. मी २४ वर्षांची आहे, पाणी तपासणाऱ्या प्रयोगशाळेत काम करते आणि नास्तिक आहे. घर पुरंदर तालुक्यातलं, सासवडच्या जवळ, पिढ्यान्‌पिढ्या माळकरी. आषाढ वारीत ज्ञानोबांची पालखी दिवे घाट चढून सासवडला दोन मुक्काम करते, तेव्हा आमच्या अंगणात पंचवीस-तीस वारकऱ्यांचा स्वयंपाक असतो. मी दहावीत देवाला नमस्कार करणं थांबवलं, पण वारकऱ्यांना वाढायचं कधी थांबवलं नाही.

२० ऑगस्ट २०१३ ला पुण्यात ओंकारेश्वराजवळच्या पुलावर डॉ. नरेंद्र दाभोलकरांचा खून झाला तेव्हा मी बारा वर्षांची होते. घरात टीव्ही चालू होता. आजी वाती वळत होती. तिनं हात थांबवून विचारलं, "त्यानं कुणाचं काय घेतलं होतं?" कुणी काही बोललं नाही. पुढे मी जे जे वाचलं, जे जे मानायचं सोडलं, त्याची सुरुवात त्या प्रश्नापासून झाली असं मला आजही वाटतं, आणि तो प्रश्न एका माळकरी बाईनं विचारला होता.

देहदान आजीला मी पटवलं असं आमच्या भावकीत बोललं जातं. ते खरं नाही. मी प्रयत्न केला होता. अकरावी-बारावीत असताना आत्मा कसा नाही, मेल्यावर पेशींचं काय होतं, हे मी तिला तासभर सांगत बसायचे. ती ऐकून घ्यायची आणि "बरं, दिवा लावायचा झाला" म्हणून उठायची. मग २०२२ मध्ये गावच्या सप्ताहात कीर्तनकार बुवांनी दधीची ऋषींची गोष्ट सांगितली. वज्र करायला स्वतःची हाडं देणारे ते दधीची. ही गोष्ट तिनं आयुष्यात पन्नास वेळा तरी ऐकली असेल. त्या रात्री घरी आल्यावर चपला काढता काढता मला म्हणाली, "डॉक्टरच्या पोरांना शिकायला मढं लागतं म्हणालीस, ते म्हाताऱ्या माणसाचं चालतं का गं?"

मी म्हटलं, चालतं.

"मग माझं नाव घाल. हा देह भाड्याचा हाय. मालकाला परत करायचाच, तर कुणाच्या तरी उपयोगी लावून करू."

मला मालक मान्य नाही. तिच्या निर्णयात माझ्या एकाही युक्तिवादाचा वाटा नव्हता. तरी मी जिथे पोचावं म्हणत होते तिथे ती तिच्या वाटेनं माझ्याआधी पोचली होती. श्रद्धा आणि विज्ञान यांची भांडणं मी तेव्हापासून पूर्वीसारखी घालू शकलेले नाही.

फॉर्म भरायला आम्ही दोघी एसटीनं पुण्याला गेलो. तेव्हा ती ७८ वर्षांची होती. दोन फोटो, आधारची झेरॉक्स, दोन साक्षीदारांच्या सह्या आणि जवळच्या नातेवाइकाची संमती, एवढंच लागलं. पैसे नाहीत. फॉर्म फक्त इंग्रजीत होता, हे मला तेव्हाही खटकलं. चौथी शिकलेल्या बाईचा देह मागणारा कागद तिच्या भाषेत हवा. मी एकेक ओळ मराठीत वाचून दाखवली आणि तिनं प्रत्येक ओळीला मान हलवली. "अनावश्यक अवशेषांची विल्हेवाट संस्था लावेल" या ओळीला मात्र थांबली. "विल्हेवाट म्हंजी?" म्हणाली. मलाही सांगता येईना. खिडकीतल्या कारकूनबाईंनी सांगितलं, "आजी, शिकून झालं की अग्नीच देतात." मग तिनं सही केली.

कार्ड मिळालं. छोटं, प्लास्टिकचं, मागे विभागाचा फोन नंबर. ते तिनं हरिपाठाच्या पुस्तकात ठेवलं.

एक गोष्ट सगळ्यांनी समजून घ्यायला हवी. महाराष्ट्रात हे सगळं १९४९ च्या शरीररचना कायद्याखाली चालतं, पण माणसानं जिवंतपणी फॉर्म भरला म्हणून महाविद्यालय देह ओढून नेत नाही. त्या दिवशी घरच्यांनी नाही म्हटलं तर तिथेच संपतं. त्यामुळे फॉर्मपेक्षा घरातली माणसं तयार असणं महत्त्वाचं. आमच्याकडे पप्पा तयार होते. थोरले चुलते, ज्यांना आम्ही नाना म्हणतो, तयार नव्हते. संमतीवर त्यांनी सही केली नव्हती. शेजारच्या काकूंनी त्यांच्या मनात आणखी एक भरवलं होतं, की या जन्मी डोळे दिले तर पुढच्या जन्मी माणूस आंधळा जन्माला येतो. त्यावर आजीनं त्यांना एवढंच विचारलं होतं, "डोळं देणारा तोच ना? मग त्याला हिशेब कळत न्हाई व्हय?"

मला पुढचा जन्म मान्य नाही. पण या उत्तरात खोडण्यासारखं मला काही सापडलं नाही.

गेल्या मार्गशीर्षात, एका रविवारी पहाटे पावणेपाचला आजी गेली. झोपेतच, घरी, ८१ व्या वर्षी. नाना उशाशी होते. त्यांनी मला म्हटलं, "तुळशीचं पान आण." मी बॅटरी घेऊन वृंदावनापाशी गेले आणि हात लावणार तेवढ्यात आठवलं की आमच्यात रात्री तुळस तोडत नाहीत. दिवस उजाडला नव्हता. मी वाकून खाली मातीत गळून पडलेली पानं शोधली. दोन सापडली, एक वाळकं आणि एक बऱ्यापैकी हिरवं. हिरवं धुऊन आणलं. नानांनी पानाकडे पाहिलं आणि "तोडलंस का?" विचारलं. "नाही, पडलेलं आहे," म्हटल्यावर त्यांनी ते आजीच्या तोंडात ठेवलं. त्यानंतर त्या सकाळी नाना माझ्याशी भांडले नाहीत. त्या पानानं हे झालं असं मी म्हणणार नाही, पण मी तुळस तोडून आणली असती तर पुढचं सगळं अवघड झालं असतं एवढं मला ठाऊक आहे.

डोळ्यांसाठी वेळ कमी असतो. साधारण सहा तासांच्या आत बुबुळाचा पारदर्शक पडदा काढावा लागतो. तोवर खोलीतला पंखा बंद करायचा, डोक्याखाली उशी देऊन डोकं थोडं उंच ठेवायचं, पापण्या मिटून त्यांवर ओल्या कापसाच्या घड्या ठेवायच्या. हे मी केलं. नेत्रपेढीचा फोन पहिल्याच रिंगला उचलला गेला आणि आठच्या आत दोघंजण मोटारसायकलवर आले. आजीचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालेलं होतं, तरी चालतं. वयाचीही अडचण नसते. वीस मिनिटांत झालं, तपासणीसाठी थोडं रक्त घेतलं, आणि बाहेर आले तेव्हा आजीच्या चेहऱ्यात काही फरक दिसत नव्हता. शेजारच्या काकू वाकून पाहून गेल्या. नेत्रपेढीला मी पाचपैकी पाच देईन.

अडलं ते देहदानाच्या नंबरापाशी. कार्डावरचा नंबर विभागाच्या कार्यालयाचा. कार्यालय दहा ते पाच, आणि तो रविवार. पाच वाजल्यापासून साडेआठपर्यंत मी एकोणीस वेळा तो लावला. नुसता वाजत होता. दुसरा कुठलाच नंबर कार्डावर नाही. इकडे अंगणात माणसं जमायला लागली होती, कुणीतरी बांबू आणायला निघालं होतं, नानांच्या तोंडावर स्पष्ट दिसत होतं की फोन न लागणं म्हणजे आईचीच इच्छा नाही असं त्यांना वाटायला लागलंय. मी शेवटी त्या महाविद्यालयाच्या रुग्णालयाचा मुख्य नंबर शोधून अपघात विभागात फोन केला. तिथल्या माणसानं एका मिनिटात सांगितलं, "आणा ताई, आम्ही शवागारात ठेवून घेतो, मॅडमना कळवतो." म्हणजे सोय चोवीस तास होती. ती कार्डावर लिहिलेली नव्हती. माणसं पहाटे जातात, सुट्टीच्या दिवशी जातात. त्या साडेतीन तासांत आमचं देहदान रद्द होता होता राहिलं. एक तारा त्याचा.

नानांचं सांगते. ते वृंदावनाच्या कट्ट्यावर बसले होते. मला म्हणाले, "अग्नी न देता आईला गाडीत घालायची?" थोरल्या मुलानं आईला अग्नी द्यायचा, हे त्यांच्या लेखी कर्तव्यही होतं आणि हक्कही. आम्हा बाकीच्यांना आजीची इच्छा पाळायला काहीच सोडावं लागत नव्हतं. जे सोडायचं ते एकट्या नानांना. हे मला त्या क्षणापर्यंत दिसलं नव्हतं. मी विज्ञानावर एक शब्द बोलले नाही. त्यांच्याशेजारी बसले. बऱ्याच वेळानं ते म्हणाले, "तिनं माझ्याकडं कधी काही मागितलं न्हाई." आणि उठून शववाहिकेला फोन लावला.

निघण्याआधी दोन कागद हातात पाहिजेत. मृत्यूच्या कारणाचा डॉक्टरांनी भरलेला दाखला, म्हणजे घरी मृत्यू झाला असेल तर नमुना ४अ (दवाखान्यात झाला तर नमुना ४), आणि गेलेल्या माणसाच्या व देह सोपवणाऱ्याच्या आधारच्या झेरॉक्स. अपघाती मृत्यू, पोलीस केस, शवविच्छेदन झालेलं, एचआयव्ही किंवा कावीळ बी-सी असेल तर देह घेत नाहीत. नेत्रदान झालेलं चालतं.

दिवे घाट उतरताना नाना पुढे ड्रायव्हरशेजारी बसले होते आणि आम्ही मागे आजीजवळ. कुणी बोललं नाही.

विभागाच्या मागच्या दाराशी गाडी लावली तेव्हा एक वयस्क कर्मचारी बाहेर उभे होते. सगळे त्यांना मामा म्हणत होते. त्यांनी आजीकडे पाहिलं, गळ्यातली माळ पाहिली आणि विचारलं, "माळकरी का?" नाना हो म्हणाले. मामांनी दारातच चपला काढल्या आणि अनवाणी आत आले. कुणी सांगितलं नव्हतं.

दहा मिनिटांत प्राध्यापक मॅडम आल्या. रविवारची सकाळ, केस ओले, घरच्या ड्रेसवर पांढरा कोट. पहिलं वाक्य त्यांनी नानांना म्हटलं. "तुमच्यात जे काही करतात ते निवांत करून घ्या. आम्ही बाहेर थांबतो. घाई नाही." छोटी स्वच्छ खोली, मध्ये स्टीलचं टेबल, त्यावर पांढरी चादर. भिंतीवर पहिल्या वर्षाच्या मुलांनी घ्यायची शपथ लावलेली होती. या देहाला पहिला गुरू मानू, मान राखू, ओळख उघड करणार नाही, अशा अर्थाची. ती मात्र मराठीतही होती, आणि पप्पांनी ती दोनदा वाचली.

नानांनी आजीच्या कपाळाला बुक्का लावला, पायावर डोकं ठेवलं आणि हरिपाठ म्हणायला सुरुवात केली. चौथ्या अभंगाला त्यांचा आवाज फुटेना. पप्पांना पुढचं पाठ नव्हतं. मला होतं. सतरा-अठरा वर्षं रोज संध्याकाळी कानावर पडलेलं, न शिकताही पाठ झालेलं. मी पुढचे अभंग म्हटले. माझी देवावर श्रद्धा नाही, त्या खोलीतही नव्हती. पण ते शब्द आजीच्या आवाजात माझ्या आत आहेत, आणि ते तिला ऐकवणं म्हणजे खोटं वागणं असं मला तेव्हा वाटलं नाही, आताही वाटत नाही. बाहेर मॅडम आणि मामा पंचवीस मिनिटं उभे होते.

माळेचा प्रश्न त्यानंतर आला. वारकऱ्याची माळ गळ्यातून निघत नाही. ती देहाबरोबरच जाते. नानांनी विचारलं, राहू देता येईल का? मॅडमनी उगीच गोड काही सांगितलं नाही. रक्तवाहिनीतून फॉर्मेलिनचं मिश्रण सोडतात, त्यानं देह टिकतो. पण पुढे वर्षभर मुलं शिकणार, त्यात दोरा तुटेल, मणी इकडेतिकडे होतील. "आमच्याकडून तिचा मान राहणार नाही," त्या म्हणाल्या, "तुमच्याकडे राहील." नानांनी मान हलवली.

मग मामा पुढे झाले. शेजारच्या ट्रेमध्ये कात्री होती. ती त्यांनी उचलली नाही. डावा हात आजीच्या मानेखाली घातला, तान्ह्या बाळाचं डोकं धरतात तसं, आणि उजव्या हातानं माळ हळूहळू वर घेतली. अंबाड्यात अडकली, तेव्हा एकेक केस सोडवला. मिनिटभर तरी लागलं असेल. माळ न तुटता निघाली. मामांनी ती कपाळाला लावून नानांच्या ओंजळीत ठेवली. सत्तर वर्षांत मणी इतके गुळगुळीत झाले होते की दिव्याखाली चमकत होते, आणि आजीच्या गळ्याभोवती माळेच्या रेषेत कातडी थोडी फिकट राहिली होती.

मी या विभागाला चार तारे देतेय ते त्या एका मिनिटासाठी. यंत्रणा, इमारत, फॉर्म सगळं ठीकठाक आहे. माणसं फार मोठी आहेत.

नानांच्या मनात अजून एक होतं, ते त्यांनी जाता जाता विचारलं. "मॅडम, देह कापणं हे आपल्या शास्त्रात बसतं का?" मला वाटलं आता त्या विज्ञानावर व्याख्यान देतील. त्यांनी सुश्रुतांचं सांगितलं. सुश्रुतसंहितेत शल्यवैद्यानं देह कसा अभ्यासायचा याची रीत दिलेली आहे. देह मुंज गवतात गुंडाळून, पिंजऱ्यात घालून वाहत्या पाण्यात सात रात्री ठेवायचा, आणि मग वाळ्याच्या कुंच्यानं हळूहळू खरवडत थर पाहत जायचे. पुढे कित्येक शतकं हे मागे पडलं, आणि १८३६ मध्ये कलकत्त्याच्या मेडिकल कॉलेजात पंडित मधुसूदन गुप्त या वैद्यांनी पुन्हा देहाला शस्त्र लावलं, तेही समाजाचा रोष पत्करून. "म्हणजे हे आपल्याकडं आधी होतंच," नाना म्हणाले. मॅडम म्हणाल्या, "होतं. आणि तुमच्या आईंसारखी माणसं आहेत म्हणून आजही आहे."

एवढं सांगून त्यांनी पुढचंही स्पष्ट सांगितलं. एका देहावर साधारण दहा मुलं शिकतात. हाडं अभ्यासासाठी ठेवली जातात. बाकीच्याला संस्था अग्नी देते, पण अस्थी मिळत नाहीत, आणि तारीख कळवली जात नाही. हे ज्यांना सोसणार नाही त्यांनी आधीच विचार करावा. आम्हाला आधी माहीत होतं तरी ऐकताना जड गेलं. पावती लगेच मिळाली. मृत्यूची नोंद २१ दिवसांत करायची असते, तिथे स्मशानाच्या पावतीऐवजी हीच दाखवायची. जपून ठेवा, दोन झेरॉक्स काढा.

इथे खरं तर सेवेचा अनुभव संपतो. पण लोक मला सगळ्यात जास्त विचारतात ते पुढचं. दहावं केलं का? तू नास्तिक, तू करू दिलंस का?

मी करू देणारी कोण? दहावं नानांचं होतं.

चौथ्या दिवशी एकजण घरी आले होते. नात्यातल्या कुणाच्या तरी ओळखीचे. म्हणाले, अग्नी मिळाला नाही, आत्मा अडकलाय, वर्षाच्या आत घरात तीन मृत्यू संभवतात, २१ हजारांत शांती करून देतो. काकी रडायला लागल्या. मी आतून वही आणि पेन आणलं आणि त्यांच्यासमोर ठेवलं. म्हटलं, तीन मृत्यू होतील हे लिहून द्या, खाली सही करा, आणि पैशांची पावती द्या. ते नानांकडे पाहायला लागले, पोरीला आवरा अशा नजरेनं. नाना म्हणाले, "माझी आई कुणाच्या घराला लागायची न्हाई. चहा घ्या आणि निघा." त्यांनी चहाही घेतला नाही.

माझ्यासाठी सीमा इथे आहे. तुळशीच्या पानापाशी मी वाकेन, पण भीती विकायला आलेल्या माणसासमोर उभी राहीन. महाराष्ट्राचा २०१३ चा जादूटोणाविरोधी कायदा मी मुळातून वाचलाय. त्यात प्रदक्षिणा, यात्रा, कीर्तन, प्रवचन, भजन यांना हा कायदा लागू नाही असं स्पष्ट लिहिलेलं आहे. हा कायदा धर्माच्या विरोधात आहे असं सांगत फिरणाऱ्यांनी ते कलम वाचावं असं मला मनापासून वाटतं. संविधानाच्या ५१क कलमात वैज्ञानिक दृष्टिकोन बाळगणं हे कर्तव्य सांगितलंय आणि २५ व्या कलमात आपापला धर्म पाळायचं स्वातंत्र्य दिलंय. आमच्या घरात ही दोन्ही कलमं एका छपराखाली राहतात, आणि त्या दिवशी दोघांनी मिळून एका माणसाला दारातून परत पाठवलं.

ज्यांच्या मनाला अग्नीवाचून चैन पडत नाही त्यांच्यासाठी दर्भाचा पुतळा करून त्याला अग्नी द्यायची रीत आहे. आमच्या गुरुजींनी ती सुचवली. नानांनी दोन दिवस विचार केला आणि नको म्हणाले. "आईनं देह दिला. मग दुसरा कशाला जाळायचा?" फक्त दहाव्याचा पिंड ठेवायचं ठरलं.

कऱ्हेच्या काठी आम्ही सकाळी आठला गेलो. पिंड ठेवला, सगळे मागे सरकले. कावळे झाडावर होते, खाली येईनात. पाच मिनिटं झाली, दहा झाली. नाना हात जोडून उभे, ओठ हलत होते. मला कावळ्यांबद्दल जे माहीत आहे ते माहीत आहे. माणसांची गर्दी असली की ते थांबतात, गर्दी मागे हटली की येतात. मी हे बोलले नाही. मी फक्त पोरांना म्हटलं, अजून थोडं मागे या. आणि आम्ही सगळे बाभळीपर्यंत मागे गेलो. दोन मिनिटांत एक कावळा उतरला. नानांचे खांदे खाली आले, इतके दिवस वर धरलेले. मी पिंडाला नमस्कार केला नाही. नानांनी मला करायला सांगितलं नाही. दहावीपासून त्यांनी कधीच सांगितलेलं नाही, आणि याबद्दल मी त्यांचे आभार कधी मानले नव्हते. परतताना मानले. ते म्हणाले, "तुझं तू बघतीस, खोटं न्हाई करत, मग मी काय सांगायचं."

माघ वारीला नाना पंढरपूरला गेले तेव्हा माळ बरोबर नेली आणि चंद्रभागेत सोडली. अस्थींच्या जागी ती होती असं ते म्हणतात.

महाविद्यालयाला मी पत्र लिहून तीन गोष्टी कळवल्या आहेत. फॉर्म मराठीत करा. कार्डावर चोवीस तास चालणारा नंबर छापा. आणि माहितीपत्रकात लिहा की घरच्यांना त्यांचे विधी करायला वेळ आणि खोली दिली जाते. अनेक घरं केवळ हे माहीत नाही म्हणून नाही म्हणत असतील. आमचंही म्हणणार होतं. मॅडमचा फोन आला. पुढची कार्डं छापताना नंबर बदलतोय म्हणाल्या. बाकी दोन्हींचं वर कळवलंय. खरंच बदलला तर मी इथे येऊन पाचवा तारा देईन.

तोवर ज्यांच्याकडे कुठल्याही संस्थेचं कार्ड असेल त्यांनी आजच तो नंबर रात्री लावून पाहा, आणि लागत नसेल तर त्या रुग्णालयाच्या अपघात विभागाचा नंबर घेऊन घरातल्या प्रत्येकाला दिसेल असा लिहून ठेवा. आमच्याकडे तो नानांनी खडूनं लिहिलाय, मोठ्या अक्षरात, देव्हाऱ्याच्या शेजारच्या भिंतीवर. आत्तापर्यंत गावातली चार माणसं येऊन तो उतरवून घेऊन गेलीत. त्यातल्या एक त्या शेजारच्या काकू आहेत.